मदरवेलच्या शेडमधलं लॅकर

वैजयंती मेश्राम ग्लासगोत जन्मली आणि मारामारीही तिथेच शिकली. सत्तरच्या दशकात बस स्टॉपवर पोरं तिच्या वेण्या ओढायची, अंगावर थुंकायची. दहाव्या वर्षी तिने त्यातल्या एकाचं नाक फोडलं, आणि मग वेण्यांना कुणी हात लावला नाही. तिचे वडील नागपूरहून आलेले फिटर. घरात बाबासाहेबांचा फोटो, रविवारी बुद्धवंदना. मुलीच्या हातात त्यांनी कानस दिली, करवत दिली. राग तेवढा तिचा तिने कमावला.

चाळिशी उलटली तेव्हा ती गिटार आणि मँडोलिन बनवत होती. जुन्या गिरणीत वर्कशॉप, वर्षाला आठ-नऊ वाद्यं. लाकूड तिला वश होतं, पण सगळं अडायचं शेवटच्या हातावर. वाद्याला ती सेल्युलोज लॅकरच मारायची. स्प्रे गनने फवारलेला कागदापेक्षा पातळ थर मिनिटांत सुकतो, पुढचा थर त्यात विरघळून एकजीव होतो आणि लाकडाचा आवाज दबत नाही. हे लॅकर ती गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून आणायची. २००७पासून त्या रंगांचे नियम कडक झाले आणि दुकानांनी ते ठेवणंच बंद केलं.

वर्षभर ती फोन करत राहिली. पाण्यातलं लॅकर मारून पाहिलं, तर वाद्य प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं दिसायला लागलं. एडिनबरातल्या एका माणसाने डबा दिला, त्यात काय भेसळ होती कोण जाणे. तीन महिने खपून केलेल्या मँडोलिनवर आठवड्याभरात भेगा पडल्या. वैजयंतीने मँडोलिन मानेला धरली आणि लोखंडी शेगडीवर आपटली. ढलप्या उडाल्या. तिचा नवरा मिलिंद, हॉस्पिटलात फार्मासिस्ट, जेवणाचा डबा द्यायला आला होता तो दारातच थबकला.

"वैजू, अगं, ती नीट करता आली असती."

"नसती आली," ती म्हणाली आणि उरलेला तुकडाही आपटला.

ऑक्टोबर २००८मध्ये तिला आर्ची मॅकनीशचा पत्ता लागला. ग्लासगोबाहेरच्या मदरवेलजवळ राहणारा, पंच्याहत्तरीचा, आयुष्यभर गाड्या रंगवून निवृत्त झालेला. घरामागच्या शेडमध्ये त्याच्याकडे सेल्युलोज लॅकरचे सीलबंद डबे होते. शनिवारी सकाळी ती तिथे पोचली. म्हाताऱ्याने डबा उघडला, काठीने ढवळला, काठी वर धरून धार पाहिली. मग स्प्रे गन भरून तिने आणलेल्या स्प्रूस लाकडाच्या फळीवर एक हात मारला. बाहेर पाऊस, हवेत ओल, तरी थर पांढुरका पडला नाही. लाकडाच्या रेषा भिजल्यासारख्या उजळल्या. वैजयंतीला हसू आवरेना. आर्चीही हसला. "हे असं बघणारं गिऱ्हाईक कित्येक वर्षांत आलं नव्हतं," तो म्हणाला.

तेवढ्यात दार लाथेने उघडलं. आर्चीचा मुलगा क्रेग. पंचेचाळिशीचा, धिप्पाड, तोंडाला दारूचा वास.

"कुणाला विचारून डबे काढलेस?"

"माझे आहेत ते, क्रेग."

क्रेगने बापाच्या तोंडावर ठोसा मारला. म्हातारा डब्यांवर कोसळला, दातांतून रक्त आलं. क्रेगने त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. काटकी मोडावी तसा आवाज झाला.

"सोड त्यांना!" वैजयंती ओरडली.

तो वळला. भिंतीला टेकवलेला टायर काढायचा लोखंडी दांडा त्याच्या हातात आला. तिने डावा हात वर केला आणि दांडा त्यावरच बसला. बोटं मागे वळलेली तिला दिसली. दुखणं यायच्या आधी राग आला. उजव्या हाताला पाच लिटरचा भरलेला डबा लागला. कडीला धरून तिने तो गरकन फिरवला. डब्याची कड क्रेगच्या जबड्यावर बसली, तो गुडघ्यांवर आला आणि दांडा हातातून सुटला.

तिथे थांबता आलं असतं. त्याने मान वर केली, तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि वैजयंतीने डबा दुसऱ्यांदा फिरवला. या वेळी कड डोळ्यावर बसली. झाकण उडालं, लॅकर आणि रक्त जमिनीवर एकत्र पसरलं. त्या उग्र वासात आर्ची रांगत मुलापाशी गेला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्याकडे बघून किंचाळला, "बाहेर हो!"

हॉस्पिटलात तिने मिलिंदला सांगितलं, "माझी हात तुटली." इथे जन्मल्यामुळे तिचं मराठी कायम असंच. नेहमी चूक सुधारणाऱ्या मिलिंदने त्या दिवशी ती सुधारली नाही. "त्याची डोळा गेली," ती पुढे म्हणाली. "पहिलं मारलं ते सेल्फ-डिफेन्स होतं. दुसरं नव्हतं."

"हे कोर्टात बोलू नकोस."

"विचारलं तर बोलणार."

खटला पुढच्या वर्षी उभा राहिला, तिच्यावर. आर्चीने शपथेवर सांगितलं की आपण घसरून पडलो, मुलाने बोटही लावलं नाही, आधी हात उचलला तो या बाईने. वैजयंतीला विचारलं तेव्हा तिने दोन्ही घाव सांगितले, जसे घातले तसे. मिलिंदने डोळे मिटून घेतले. पण तिच्या हाताचे आणि आर्चीच्या बरगड्यांचे एक्स-रे ज्यूरीसमोर होते. स्कॉटलंडच्या कायद्यात तेव्हा दोषी आणि निर्दोष यांच्यामध्ये तिसरा निकाल असायचा, आरोप सिद्ध झाला नाही असा. तिला तो मिळाला आणि ती सुटली.

कॉरिडॉरमध्ये आर्ची समोर आला. "तुम्ही खोटं बोललात," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "तो तुझा असता, तर तू एका फटक्यावर थांबली असतीस." आणि काठी टेकत निघून गेला.

लॅकर शेवटी मिळालं ते एका फोनवर. फर्निचरला पॉलिश पुरवणारी एक छोटी कंपनी लाकडासाठी तेच लॅकर अजून बनवत होती. ती वर्षभर गाड्यांच्या दुकानांतच शोधत बसली होती. कुरियरवाल्याने डबे दारात ठेवले, सही घेतली. डाव्या हाताची दोन बोटं आता वळत नव्हती. गिटारची मान कोरायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागायचा. उजव्या हाताची स्प्रे गन मात्र तशीच चालायची.

२०१०च्या मार्चमध्ये ती लाकूड आणायला मदरवेलवरून चालली होती. सिग्नलला गाडी थांबली. समोरून आर्ची रस्ता ओलांडत होता, क्रेगचं कोपर धरून. एका डोळ्याने क्रेगला फुटपाथच्या कडेचा अंदाज येईना; त्याने पाय दोनदा हवेत टाकला, तिसऱ्यांदा बापाने तो नीट वर टेकवला. सिग्नल हिरवा झाला. वैजयंतीने गिअर टाकायला डावा हात पुढे केला, बोटं दांड्यावर बसेनात. मागे हॉर्न वाजू लागले.