रिकामी बादली

तेलताडाच्या मळ्यात गुरं राखणाऱ्याला सगळे मामा म्हणत. घरी मूलबाळ नव्हतं, पण मळ्यातल्या यच्चयावत पोरांचा तो मामा. गुरं झाडांखाली चरायची. तण आटोक्यात राहायचं, त्यांचंही पोट भरायचं. पण झाडं वाढली तशी सावली दाटली, खालचं गवत विरळ पडलं आणि गुरांच्या फासळ्या दिसायला लागल्या. तेव्हा तेलाच्या गिरणीतून पेंड येऊ लागली. मामा कापलेल्या पिंपांत पेंड ओतायचा, बायको वरून साखर कारखान्यातली गोड मळी शिंपायची. गुरांनी पुन्हा अंग धरलं.

"माझ्या ताटात कधी असं वाढलंत?" बायको विचारायची.

"तू अशी हंबरत आलीस कधी?"

पुढे गिरणी पेंड बाहेर विकू लागली. मळ्याच्या मुकादमानं तिच्याऐवजी युरियाचं पोतं आणून टाकलं. "खत असलं तरी गुरांना खुराक होतो. मळीत थोडा थोडा मिसळ. सगळीकडे देतात."

"जास्त झाला तर?"

"तर विष. म्हणून तर तुझ्या हाती देतोय."

मामानं ते काम डोळ्यांत तेल घालून केलं. फक्त पिंपांवरचं छप्पर गळत होतं. पत्रे मागितले की मुकादम म्हणायचा, "बघू."

एका दुपारी धो धो पाऊस झाला. मामा वासरं आणायला मळ्याच्या पार त्या टोकाला गेला होता. पिंपांत पाणी साचलं, त्यात युरिया उतरला. तो धावत परतला तोवर पुढच्या गाई ते पाणी प्यायल्या होत्या. पाय ताठ, तोंडाला फेस, अंगाला कापरं. जनावरांच्या डॉक्टरनं फोनवर व्हिनेगर पाजायला सांगितलं. बायकोनं स्वयंपाकघरातली बाटली आणली. एवढ्या गाईंना एक बाटली! तिनं म्होरक्या गाईचा जबडा उघडून धरला, मामानं ओतलं, ते तसंच बाहेर ओघळलं. अंधार पडेपर्यंत प्यायलेल्यांतली एकही उरली नाही.

मुकादम रागावला नाही. "तुझी चूक नाही," एवढंच म्हणाला आणि उरलेली गुरं विकून टाकली.

ट्रक आला, पण गुरं फळीवर पाय ठेवेनात. "तूच हाक मार," मुकादम म्हणाला. मामानं खाण्याच्या वेळची हाक घातली, रिकामी बादली वाजवली. सगळी मुकाट्यानं चढली. एकीनं बादलीत तोंड घालून बघितलं.

गुरं गेली तसं तण माजलं. मामाच्या पाठीवर तणनाशकाचा पंप आला. तो ओळीओळीतून फवारत जायचा आणि मागचं गवत पिवळं पडत जायचं.

"सोडा हे काम," बायको म्हणाली.

"आणि कुठलं धरू?"

औषधाचा वास मारणारा त्याचा सदरा तिनं चिमटीत धरून दाराबाहेर टांगला.