उताराकडची जागा: लालबाग ते गिरगाव, एका सुनावणीची सहल

या ब्लॉगवर आजवर मी किल्ले पालथे घातले, समुद्रकिनारे तुडवले आणि एकदा तर बंद पडलेला रोपवे बघायला चारशे किलोमीटर गेलो. वाचकांची तक्रार कायम एकच: एवढी रजा नाही हो, एवढा खर्च झेपत नाही. ही सहल त्यांच्यासाठी. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर, रजा अर्ध्या दिवसाची, खर्च बसभाडं आणि दोन प्लेट खाणं. ठिकाण मात्र असं, की जन्म दादरला काढूनही मी तिथे कधी फिरकलो नव्हतो. सरकारी सुनावणी.

जायचं ठरलं लालबागच्या एका छोट्या मासळी बाजारात, बुधवारी सकाळी. तिथल्या विमलमावशींकडून मी वीस वर्षं मासे घेतो. मावशी माहीमच्या कोळीवाड्यातल्या. त्यांचं वय आणि पापलेटचा भाव, दोन्ही गोष्टी समोरच्याचं तोंड बघून ठरतात.

"काय रे, आता कुठं फिरून आलास?" मावशींनी विचारलं.

"कुठे नाही. पाय दुखतायत."

"मग उद्या आमच्यासंगं चल. गिरगावात. खुर्चीवर बसायचं काम हाय. तुमच्यासारख्यांना जमतंय."

प्रकरण असं होतं. हा बाजार पाडून तिथे तीन मजली इमारत होणार आहे. खाली फळं आणि किराणा, वर मासे. सामानासाठी लिफ्ट. "लिफ्टमधून बर्फ वर जाणार आणि पाणी होऊन खाली येणार," मावशी म्हणाल्या. शिवाय पिशवी धरून, गुडघे धरून दुसरा मजला चढेल असं गिऱ्हाईक मावशींना अजून भेटायचं होतं.

यावर लोकांचं म्हणणं ऐकण्याची पद्धत आहे, आणि ते ऐकलंही होतं. महिन्याभरापूर्वी पहिली सुनावणी झाली. बुधवारी, सकाळी अकरा वाजता. आता बुधवार, शुक्रवार, रविवार हे मुंबईत मासे खायचे वार. बुधवारी अकराला पाटी सोडून उठणारी कोळीण म्हणजे दसऱ्याच्या दिवशी दुकान बंद ठेवणारा झेंडूवाला. ज्याने तारीख ठरवली तो एकतर शुद्ध शाकाहारी असावा, नाहीतर फार हुशार. एकही बाई गेली नाही. इतिवृत्तात नोंद झाली: 'उपस्थितांपैकी कोणाचाही आक्षेप नाही.' उपस्थित होते साहेब, शिपाई आणि सल्लागार कंपनीच्या एक मॅडम.

मग मावशी एका सोमवारी त्या कार्यालयाच्या जिन्यात जाऊन बसल्या, पाटीसकट. पाटी रिकामी होती, पण वास त्यांनी काळजीपूर्वक राखला होता. तासाभरात दुसरी तारीख मिळाली. गुरुवार.

मावशींना तशी फारशी धास्ती नव्हती. त्यांच्याकडे परवाना आहे. दुसऱ्या मजल्यावर का होईना, त्यांना ओटा मिळणार. प्रश्न शालनचा होता. शालन त्यांच्या शेजारी, बाजाराच्या अगदी टोकाला, गटाराच्या अंगाला एका फळीवर बसते. कोळंबी सोलून देते, मासे साफ करून देते. घाटावरची, लग्न होऊन अँटॉप हिलच्या झोपडपट्टीत आली, नवरा गेल्यापासून ही फळी आणि एक विळी यावर घर चालतं. परवाना नाही. परवाना मासे विकण्याचा असतो, कापण्याचा नसतो. नव्या इमारतीत परवाना नसलेल्याला दारातून आत घेणार नाहीत असं नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे इमारत उभी राहिली की शालनचं काम संपलं. आणि सुनावणीत बोलायचा हक्कही फक्त परवानाधारकांना.

"तुम्ही येणार का?" मी शालनला विचारलं.

"मी काय करू येऊन, दादा? मला कोण विचारणार?"

"तू ये गं," मावशी म्हणाल्या. "बाकीचं मी बघते."

एवढ्यात मावशी चहाला उठल्या आणि मला त्या बाजाराची एक रीत बघायला मिळाली. इतकी वर्षं समोर असून दिसली नव्हती. मावशी उठल्या तशी शालन सरकून त्यांच्या पाटीमागे बसली. एक बाई आल्या, बांगड्यांवर घासाघीस झाली, शालनने एक भाव सांगून टाकला. तेवढ्यात मावशी परत आल्या. भाव त्यांच्या मनापेक्षा बराच खाली होता, हे त्यांच्या भुवयांवरून कळलं. पण त्यांनी त्याच भावात बांगडे पिशवीत घातले.

"मोडला का नाही सौदा?" बाई गेल्यावर मी विचारलं.

"पाटीवर जी बसली तिचा शब्द. तो मोडत नाय. आणि उठताना जिचं तिला परत. एवढं सांभाळलं की बाजार चालतो. हे घाल तुझ्या लिखाणात."

गुरुवारी साडेनऊला आम्ही लालबागच्या नाक्यावरून बस धरली. प्रवाशांसाठी सूचना: डाव्या बाजूची खिडकी घ्या, सुरुवातीला मसाल्यांच्या दुकानांतून भाजल्या मिरचीचा ठसका येतो, तो फुकट असतो. पुढे भायखळा, मग रस्ता पुलाखाली शिरतो आणि वेळ नावाची गोष्ट संपते. परळ-लालबागच्या बाजाराची सुनावणी गिरगावात का, असं मी विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "थितं त्यांचा एसी हाय."

मावशी लग्नाला निघाल्यासारख्या आल्या होत्या. नऊवारी, गळ्यात सोनं, अंबाड्यात अबोली. शालन धुवट साडीत, हात पदराखाली. कोळंबीच्या काट्यांनी बोटं चिरलेली असतात, ती तिने सबंध वाटेत बाहेर काढली नाहीत.

फणसवाडीजवळ उतरलो. सुनावणी अकराला, म्हणून आधी खाऊन घ्या, हा माझा सगळ्या सहलींतला सल्ला इथेही लागू. एका जुन्या खाणावळीत मी मिसळ घेतली, शालनने चहा-पाव. मावशींचा गुरुवारचा उपास. त्यांनी साबुदाण्याची खिचडी मागवली आणि दाणे कच्चे आहेत म्हणून आचाऱ्याला बाहेर बोलावून घेतलं.

सभागृह तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. मावशींनी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून मोठ्याने मजला मोजला, साहेबांना ऐकू जाईल असा. आत शिरताच मोगऱ्याचा वास आला. कोणीतरी आम्ही यायच्या आधीच खोलीत फवारा मारून ठेवला होता. पाण्याच्या बाटल्या होत्या, पण मंचावर. आपली बाटली घेऊन जा.

बाजारातल्या पंधरा-वीस बायका आल्या होत्या. मंचावर दोघं: एक साहेब आणि त्या सल्लागार मॅडम, तिशीच्या आतल्या, लॅपटॉपवाल्या. मॅडमनी पडद्यावर इमारत दाखवली. तिच्यात माणसं फिरत होती, सगळी सडपातळ, हातात कोणाच्याच पिशवी नव्हती.

"तर आता आपण तुमचा सहभाग घेऊ या," मॅडम म्हणाल्या. "टाइल्सचे दोन ऑप्शन आहेत. निळ्या आणि हिरव्या. निळ्या कोणाकोणाला आवडतात?"

मागून कोणीतरी म्हणालं, "खवल्याच्या रंगाच्या हायत का? घासायला नको." हशा झाला. मॅडमनी तो निळ्याच्या बाजूने मोजला असावा.

मग साहेबांनी यादीतून नावं पुकारायला सुरुवात केली. प्रत्येकीला दोन मिनिटं. पहिल्या तिघी-चौघी दुसऱ्या मजल्याबद्दल भांडल्या. साहेब प्रत्येक वेळी "नोंद घेतली" म्हणाले. ती नोंद कुठे घेत होते ते दिसत नव्हतं, पेनाला टोपण होतं.

"परवाना क्रमांक सदतीस. विमल."

मावशी बसूनच राहिल्या. त्यांनी कोपराने ढोसलं तशी शालन उभी राहिली.

"आपण विमल?"

"न्हाई. मी शालन."

"मग बसा बाई. फक्त परवानाधारकांनी बोलायचं."

"मी हाय विमल," मावशी बसल्याबसल्या म्हणाल्या. "आज माझ्या जागी ही बोलेल."

"अशी तरतूद नाही, मावशी."

"आमच्यात हाय. पाटीवर जी बसली तिचा शब्द."

"हा बाजार नाही."

"बरं. साहेब, तुमच्यापुढं पाटी कोणाच्या नावाची हाय?"

सगळ्यांनी बघितलं. मंचावरच्या पाटीवर कोणा भलत्याच अधिकाऱ्याचं नाव होतं. साहेब जरा हलले. "मी प्रभारी आहे. ते साहेब दुसऱ्या मीटिंगला गेलेत."

"म्हणजे तुमी त्यांच्या जागेवर बसलाव. सही करणार का?"

"करणार."

"चालणार ती?"

"चालणार म्हणजे... अधिकृतच आहे ती."

"मग हीपण माझी परभारी," मावशी म्हणाल्या, आणि अबोलीची वेणी नीट करत मागे रेलल्या.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "दोन मिनिटं," ते म्हणाले.

शालनला बोलायची सवय नव्हती. ती मंचापर्यंत गेली आणि फळ्यावर लावलेल्या मोठ्या आराखड्याकडे बघत राहिली.

"यात दार कुठलं?" तिने मॅडमना विचारलं. मॅडमनी दाखवलं. "आन् रस्ता?" तोही दाखवला. मग शालनने पदराखालून हात काढला आणि कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक गोल, हिरवं चित्र होतं.

"मी हितं बसते."

"तिथे झाड आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे, प्लॅनमध्ये."

"तिथं झाड न्हाई. तिथं मी हाय."

शालन बोलत गेली, आवाज खालीच. "मी सगळ्यांच्या खाली बसते. सगळ्यांनी पाटी धुतली की पानी माझ्याकडं येतं. पावसात घोट्यापर्यंत. उतार हिकडं हाय, आन् तुमी गटार तिकडं काढलंय, वरच्या अंगाला. पानी चढत न्हाई, ताई. वरच्या मजल्यावर मासे धुतले तर पानी त्या फळवाल्याच्या डोक्यावर येईल आन् मग माझ्याकडं येईल. कुठनंबी टाका, शेवटी माझ्याकडं येतं."

मॅडमनी लॅपटॉप बाजूला ठेवला. "उतार इकडून आहे? आमच्याकडे तर सर्व्हेत..."

"सर्व्हे कवा केलता?"

"मला वाटतं... मे महिन्यात."

"मग बरोबर हाय. मे मध्ये कोरडंच असतं."

मॅडम उठून आराखड्याजवळ आल्या. दोघी पंधरा मिनिटं तिथे उभ्या होत्या. शालन बोट फिरवत होती, मॅडम पेन्सिलने रेघा मारत होत्या. साहेबांनी दोनदा "वेळ" म्हटलं आणि मग स्वतःच पाणी प्यायले. मी या देशात सहभाग हा शब्द फार वेळा ऐकला आहे. बघितला तो तेवढा पाऊण तास, त्यातलाही अर्धा तास टाइल्सचा धरला नाही तर पंधराच मिनिटं.

येताना आम्ही भुयारी मेट्रो घेतली. गिरगावात चढा, दादरला उतरा. बसपेक्षा महाग, पण पाय सांगतात ते ऐका. शालन पहिल्यांदाच बसत होती. फलाटावर तिने सरकते जिने, काचेची दारं, काही बघितलं नाही. जमीन बघितली. "उतार बरोबर काढलाय," एवढंच म्हणाली. दादरला उतरून ती अँटॉप हिलच्या बसकडे गेली.

दीड महिन्याने इतिवृत्त आलं. एका बुधवारी मासे घ्यायला गेलो तेव्हा मावशींनी ते बर्फाच्या पेटीखालून काढून दिलं. मी मोठ्याने वाचलं. मासळी विभाग तळमजल्यावर ठेवण्याचा प्रस्ताव स्वीकारण्यात आला आहे. बायकांनी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. सांडपाण्याची गटारवाहिनी सुधारित आराखड्यानुसार खालच्या अंगाला वळवण्यात येत आहे. 'परवानाधारक क्र. ३७, श्रीमती विमल यांनी याबाबत उपयुक्त सूचना केली.' आणि निळ्या टाइल्सना सर्वांनी पसंती दिली.

सोबत नवा आराखडा होता. कोपऱ्यातलं हिरवं झाड गेलं होतं. त्या जागी आता बरोबर गटाराचं तोंड आलं होतं.

"मी कुठं हाय यात?" शालनने विचारलं.

मी कागद उलटसुलट केला. उगाचच. "नाही," म्हणालो.

ती कोळंबी सोलत राहिली. मावशींनी मात्र एका गिऱ्हाइकाला घासाघीस न करताच सुरमई देऊन टाकली.

"ए लेखका," शेवटी त्या म्हणाल्या. "कागद हाय का तुझ्याकडं? लिही. हे जे माझ्या नावावर चढलंय ते माझं नाय. हिचं हाय. मी नुस्ती जागेवर होती. उठताना जिचं तिला परत द्यायचं असतं."

"मावशी, इतिवृत्तात अशी दुरुस्ती..."

"तरतूद नाय, म्हाईत हाय. तू लिही."

मी लिहिलं. पाटीवर कागद ठेवून, माझ्या दोन बांगड्यांच्या शेजारी. 'क्रमांक सदतीससमोर नोंदवलेली सूचना शालन यांची आहे. त्या या बाजारात मासे साफ करण्याचे काम करतात. त्यांच्याकडे परवाना नाही. सूचना आपण स्वीकारलेली आहे, तरी नाव दुरुस्त करावे, आणि सूचना करणारी व्यक्ती नव्या बाजारात कोठे बसणार तेही कळवावे.' खाली मावशींची सही, शालनची सही. शालनने सही करायला बराच वेळ घेतला आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं काढलं. पुढच्या सोमवारी दोघी जाऊन पत्र देऊन आल्या. मावशींनी पाटी बरोबर नेली होती. ते पोच मिळण्याचं कारण असू शकेल.

आता घरी बसून हिशेब मांडायचा तर, डोंगरावरून परतल्यावर राहतं तसं काही डोळ्यांपुढे राहत नाही. पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. इमारतीचं काम पावसाळ्यानंतर सुरू होणार, असं म्हणतात. नावाची दुरुस्ती झाली तर शालन सरकारी कागदावर येईल, सूचना करणारी म्हणून. आणि सूचना करणारीला गटारात बसवणं जरा अवघड जाईल. झाली नाही तर तिच्याकडे एक पोच आहे. गोल शिक्का, तारीख, आणि तिचं नाव. त्या बाजाराच्या संबंधात तिच्या नावाचा तो पहिला कागद.

काल कोळंबी सोलून घ्यायला गेलो तर तिने तो दाखवला. विळीच्या मागे, भिंतीला खिळ्यावर टांगलाय. लॅमिनेट करून घेतलाय तिने. ती बसते तिथे पाणी येतं ना.