परातीतलं एक नाणं

सराफ्यात आमचं दुकान आणि दुकानाच्या वरच माहेर. दिवाळीच्या तोंडावर अप्पा, म्हणजे माझे वडील, लक्ष्मीची चांदीची नाणी पाडायचे. एका अंगाला लक्ष्मी, दुसऱ्या अंगाला आमच्या दुकानाचा ठसा. धनत्रयोदशीला गिऱ्हाइकांची ही गर्दी! पाचोडकडची मेंढरं राखणारी माणसं तर ती नाणी आटवून देवाचे टाक घडवून घ्यायची. देवाच्या चांदीत खोट नको, एवढंच त्यांचं म्हणणं. बाकी सगळा भरवसा आमच्या ठशावर.

विक्रीच्या आधी अप्पांचा एक रिवाज होता. सगळी नाणी परातीत ओतायची आणि घरच्या लेकीनं डोळे मिटून त्यातलं एक काढायचं. ते अप्पा गिऱ्हाइकांसमोर छिन्नीनं मधोमध कापायचे. आतून पांढरंशुभ्र निघालं की अर्धं गल्ल्याशेजारी ठेवायचे, अर्धं माझ्या हातावर. जरा जरी तांब्याची लाली दिसली, तर परातीतली सगळी नाणी पुन्हा वितळवायला. "डोळे नीट मीट गं, चोरटे!" असं दरसाल म्हणायचे. मी बोटांच्या फटीतून बघते, हे त्यांना ठाऊक होतं. लग्न झाल्यावरही धनत्रयोदशीला मी हजर. नवरा चिडवायचा, "निघाली टांकसाळीची मालकीण!"

अप्पा गेले आणि धाकट्या भावानं दुकान सांभाळलं. पहिल्या दिवाळीला त्याचं बोलावणं आलं नाय. म्हटलं, दुःखाचं साल आहे, असू दे. पुढच्या दिवाळीलाही नाय. भाऊबीजेला मात्र मी गेले. त्याच्या सासरची मंडळी आलेली. ओवाळलं, त्यानं ताटात नाणं टाकलं. उचलून बघते तर एका कडेला जरा घासलेलं, आणि तिथं लाली.

"कापून बघू का रे?" मी हसत विचारलं.

"ताई, ओवाळणी कुणी कापतं व्हय?" त्याचा चेहरा पडला.

तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण माझं डोकं फिरलेलं. खालून छिन्नी-हातोडी आणली आणि सगळ्यांच्या देखत नाणं कापलं. आतून तांबूस!

"अप्पांचा ठसा मारून तांबं विकतोस? लाज नाय वाटत?"

"चांदीचा भाव बघितलास का, ताई? लोकांना परवडत नाय," एवढंच बोलला आणि मान खाली घालून बसला. भावजयीनं वाढलेलं ताट तसंच टाकून मी घरी आले.

त्यानंतर ना त्याचा फोन, ना माझा. मी बोलले ते खरंच होतं, आजही मागं घेणार नाय. पण सासरच्या माणसांपुढं त्याची इज्जत काढली, त्याचं लई वाईट वाटतं. दुकानात एकट्याला गाठून बोलता आलं असतं की! आईबापामागं तेवढं एकच माहेर होतं मला.

यंदा भाऊबीजेच्या सकाळी दुकानातला माणूस पुडकं घेऊन आला. आत अर्धं नाणं. खिडकीपाशी नेऊन कापलेली कड बघितली. पांढरीशुभ्र. मला रडूच कोसळलं. तशीच भावाला फोन लावला.

"कापलंस?"

"हां, ताई. गिऱ्हाइकांसमोर. दुसरं अर्धं गल्ल्याशेजारी ठेवलंय."

"काढलं कुणी?" विचारल्याशिवाय राहवेना.

"माझ्या पोरीनं. घरच्या लेकीनंच काढायचं असतं ना."

"व्हय," मी म्हणाले. "डोळे नीट मिटले होते का तिनं?"

"कुठलं काय! फटीतून बघत होती."

"बघू दे."

पुढच्या धनत्रयोदशीला ये, असं म्हणेल, म्हणून मी थोडा वेळ फोन तसाच कानाला धरून होते. तो म्हणाला नाय.