धूर गेला डोळ्यांत

जुन्या कादंबऱ्यांतल्या मुलींवर मी लग्नाआधीपासून चिडत आले. रडायचं झालं की चुलीपुढं बसायचं आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, धूर गेला डोळ्यांत. अगं, तोंड दिलंय ना देवानं?

माझ्या मुलीला मी वेगळी खोली दिली. पन्हाळ्यापर्यंत एकटी गाडी मारत जाते. कोल्हापूरच्या पोरींसारखी ‘येतो, जातो’ असं ठणकावून बोलते. मला वाटलं, जिंकलं आपण.

परवा ऑफिसातून आली ती थेट खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, तेव्हा डोळे लाल होते.

“काय झालं गं?”

“काय न्हाय. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतो की.”

म्हणजे चूल गेली, धूर राहिला. घरात आम्ही दोघीच, आणि त्याही एकेकट्या. ती माझ्यासमोर मोबाईल बघत बसली. मला भरून आलं. तिला दिसू नये म्हणून मी विळी ओढली आणि कांदे चिरायला घेतले.

मान वर न करता ती म्हणाली, “आई, आज एकादशी हाय की.”