बर्गनला आंटींनी विचारलेला प्रश्न

शारजात अल नहदाला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वसईच्या आंटी राहायच्या. एखादा विषय संपवायचा असला की हाताने हवेत रेघ ओढून त्या "खलास" म्हणायच्या, आणि तो विषय खरोखरच संपायचा. हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर म्हणून जन्म गेलेला. त्यांच्यापुढे चादरीलाही सुरकुती पडायची हिंमत नसे.

एकटीने वाढवलेली त्यांची जेनी सीए झाली, दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये चांगल्या नोकरीला लागली. मग पुढे शिकायला म्हणून नॉर्वेला गेली आणि तिथल्या बर्गनमध्ये प्रवाशांना गाव पायी फिरवून दाखवणारी गाइड झाली. "लोकांना रस्ते दाखवायला शिकवलं होतं का मी तिला?" आंटी मला म्हणाल्या. पुढे हवेतली ती रेघ आलीच. मायलेकींचं बोलणं नाताळच्या मेसेजपुरतं उरलं.

आम्ही सुट्टीत नॉर्वेला जायचं ठरवलं तेव्हा कोळंबीच्या लोणच्याची बरणी घेऊन आंटी घरी आल्या. मीही येते म्हणाल्या, फक्त जेनीला कळवू नका. त्या दिवसापासून गुडघ्याला पट्टा बांधून त्या मॉलमध्ये चालायचा सराव करू लागल्या. सोबतीला मी.

बर्गनला भुरभुर चालू होती. बंदरावरच्या रंगीत लाकडी घरांपुढे जेनी छत्री उंच धरून उभी होती. तिच्या फेरीला जमलेल्या घोळक्याच्या शेवटी आम्ही, आंटी माझ्या आडोशाला. ही घरं अनेकदा जळाली, तरी लोकांनी ती पुन्हा पहिल्यासारखीच बांधली, असं ती इंग्रजीत सांगत असताना तिची नजर आईवर पडली. वाक्य अडलं. तिने ते पूर्ण केलं, पण आवाज बदलला होता. पुढे चढावर एक म्हातारे गृहस्थ मागे पडले. जेनी थांबली, आणि त्यांना दम खाता यावा म्हणून तिथेच गोष्टी सांगत राहिली. आंटी टक लावून बघत होत्या.

शेवटी कोणाला काही विचारायचंय का, असं जेनी म्हणाली. आंटींनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"रोज एवढं चालतेस, पाय नाही गं दुखत?"

"दुखतात ना, आई," जेनी म्हणाली आणि रडू लागली. घोळक्याला शब्द कळले नाहीत, पण कोणी जागचं हललं नाही.

परतीच्या विमानात आंटी मला त्या घरांचा इतिहास असा समजावत होत्या, जणू मी तिथे नव्हतेच.

नोकरी संपली, व्हिसा संपला, आंटी वसईला गेल्या. आता उन्हाळा जेनीकडे काढतात. त्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरं कुटुंब आलंय.

गेल्या वर्षी माझी मुलगी म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट इंजिनीअरिंग, आई." तिला फुजैराच्या समुद्रात लोकांना डायव्हिंग शिकवायचं होतं. शनिवारी मला घेऊन चल, एवढंच मी म्हटलं.

शनिवारी मी फुजैराला कमरेएवढ्या पाण्यात उभी होते, आणि माझी मुलगी मला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होती.