बी आणि सीच्या मधली वाट

पेडण्यातल्या आमच्या देवळात महाप्रसादाची पंगत मांडायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं. वाढायचं नव्हे, वाढपी कोणीही होतो. कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, हे लक्षात ठेवायचं काम. कोणाचा कोणाशी काजूच्या बागेवरून दावा चालू आहे, कोणाची सोयरीक मोडली, निवडणुकीत कोण कोणाच्या विरोधात गेला, हे सगळं डोक्यात ठेवून मी माणसं बसवायचो. न बोलणारी दोन माणसं एकाच पंगतीत घ्यावीच लागली, तर त्यांच्या मध्ये वाढप्याच्या येण्याजाण्याची वाट सोडायची, ही माझी युक्ती. पंगत एकच राहते, देवाचा मान राहतो आणि कोपराला कोपर लागत नाही. या युक्तीचा मला इतका गर्व होता की मी ती विमानातही वापरायला गेलो.

माझं स्वतःचं ज्यांच्याशी बोलणं नव्हतं, ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही सगळे बाय म्हणतो. तिला डिचोलीत दिली. भावजी खाणीवर सुपरवायझर, आडव्या बांध्याचे, मोजकं बोलणारे. गोव्याची राजभाषा कोणती यावरून आंदोलन पेटलं तेव्हा ते कोकणीच्या बाजूला गेले आणि मी मराठीच्या. मी सभा गाजवत असे. म्हणजे मराठीत भाषण ठोकून घरी येत असे आणि गोठ्यातल्या म्हशीला कोकणीत शिव्या देत असे. म्हशीला दुसरी भाषा येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर शिव्यांपुरती मलाही येत नव्हती.

भाचीच्या बारशाला डिचोलीला गेलो, तेव्हा भर पंगतीत भावजींनी नेमकं तेच विचारलं. "घरांत कोंकणी, सभेंत मराठी. तुका दोन जिबो आसात काय रे?"

माझ्या दोन जिभांवर सगळे हसले. मी पानावरून उठलो, हात धुतले आणि बस धरली. मला वाटलं होतं, कोणीतरी स्टँडपर्यंत मागे येईल. बाय ओली बाळंतीण, ती काय येणार. आणि भावजी येणाऱ्यातले नव्हते. मग गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, ती बारशाची पोर शिकली, आखातात नोकरीला लागली, तिचं लग्नसुद्धा झालं. लग्नात मी मामा म्हणून अंतरपाट धरला आणि भावजींनी कन्यादान केलं, पण आमच्या दोघांत एक शब्द गेला नाही. मध्ये बाय होती. तिने दोघांचे निरोप पोचवण्यात उमेदीची वर्षं घालवली.

भाचीच्या बाळंतपणासाठी बाय आखातात गेली आणि तिथे तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन तिकडेच करायचं ठरलं. तिने मला फोन केला. रडली नाही, पण आवाज बारीक झाला होता.

"दोगांयनी येवंक जाय. आनी एकाच रांकेंत बसून येवंक जाय. एकलो फुडें, एकलो फाटीं, अशें चलचें ना. म्हाका तुमी उलयतात तें पळोवंक जाय."

तिला आम्ही दोघे एका रांगेत बसून आलेले हवे होते, बोलत असलेले बघायचे होते. ऑपरेशनच्या आधी माणूस मागतो त्यात हे काही फार नव्हतं. मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्याबरोबर डोक्यात पंगत मांडायला घेतली.

त्या कंपनीच्या विमानाने मी पूर्वी एकदा जाऊन आलो होतो. भाचीने नोकरी लागल्यावर आधी मामाला नेलं, कारण बापाला खाणीवरून रजा मिळत नसे. मोठं, रुंद पोटाचं विमान. खिडकीकडे दोन सीटा, मग वाट, मध्ये पाच, मग वाट, पलीकडे दोन. ए आणि बी खिडकीकडच्या. सीपासून मधला घोळका सुरू. म्हणजे बी आणि सी एकाच रांगेत, आणि त्यांच्या मध्ये ट्रॉली फिरते ती वाट. मी भाचीला फोन करून मोठ्या ऐटीत सांगितलं, की मामाला बी दे आणि बापाला सी दे, दुसरं काही घेऊ नकोस.

"मामा, नक्की?" तिने विचारलं. तिच्या आवाजात काहीतरी होतं. मला वाटलं, फोनची खरखर.

भावजी डिचोलीहून मुंबईला एका बसने गेले, मी पेडण्याहून दुसऱ्या. विमानतळावर आम्ही एकमेकांना दुरून पाहून घेतलं. विमानात शिरताना आपल्याला पुढच्या भागातून नेतात. तिथे माणसं पाय पसरून, जवळजवळ निजून बसलेली असतात आणि आपल्याकडे बघत नाहीत. त्यांना ओलांडून, पडद्याच्या मागे आमच्या रांगेपाशी पोचलो, आणि मी भिंतीवरची अक्षरं दोनदा वाचली. ए, बी, सी. तिन्ही एकत्र. मग वाट. मग मध्ये चार, आणि पलीकडे पुन्हा तीन.

खिडकीत बेळगावकडचा एक वेल्डर बसला होता. माझा चेहरा बघून म्हणाला, "काका, बदललंय हे. आधी नऊ होत्या, आता दहा बसवल्यात. विमान तेवढंच हाय, आपुनच बारीक व्हायचं."

मी बारीकच आहे, पण भावजी नव्हते. मी मधल्या सीटवर शिरलो आणि ते सीवर बसले, म्हणजे अर्धे सीवर आणि उरलेले माझ्यावर. दोघांच्या मध्ये हात टेकायला जी पट्टी होती तिच्यावर एका माणसाचा पुरा हात मावत नव्हता. सीटची पाठ पातळ. मागच्याचा गुडघा माझ्या मणक्यात आलेला स्पष्ट कळत होता. पंगतीत मीही पानं वाढवली आहेत. उशिरा आलेला उपाशी राहू नये म्हणून दोन पानांत तिसरं सारलं आहे, आणि लोकांनी मांड्या आवरत मला नावं ठेवली आहेत. पण अर्ध्या तासात ती माणसं उठायची. इथे आम्हाला चेपून जी जागा निघाली तिच्यावर कोणी उपाशी बसणार नव्हतं. तिचं तिकीट विकलं गेलं होतं, एवढंच.

विमान वर गेलं. भावजींचा तो पहिला विमानप्रवास. ते समोर बघत म्हणाले, "चेडवान म्हाका सांगलें."

इतक्या वर्षांनंतरचं त्यांचं ते पहिलं वाक्य. मी विचारलं, "कितें?"

"तुवें लागींची सीट मागली म्हण. हांव म्हणटालों, तूं म्हाका शेंपडेर बसयतलो."

मी त्यांना पार शेपटाला बसवीन, असं त्यांना वाटत होतं. मग मला उलगडा झाला. पोरीने संगणकावर नकाशा बघितला होता. तिला बी आणि सी चिकटून दिसल्या, आणि मामाने आपणहून बापाशेजारची जागा मागितली असं समजून तिने ते आईला सांगितलं आणि बापालाही. इतकी वर्षं जे बायला जमलं नव्हतं ते एका जादा सीटने करून टाकलं होतं. आता मी काय करायला हवं होतं, ते सांगायला शहाणा माणूस लागत नाही.

मी म्हटलं, "हय."

"बरें केलें," भावजी म्हणाले.

आणि आम्ही बोलायला लागलो. ते खाण बंद पडल्याचं बोलले, दारात उभ्या राहून गंजलेल्या ट्रकांचं बोलले. बाय आखातात गेल्यापासून आपणच पेज शिजवतो आणि रोज ती जास्त होते, हे सांगितलं. मी लाटंबार्शाच्या त्यांच्या काजूच्या बागेबद्दल विचारलं. त्यांनी पिशवीतून उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, काढले, भाजी घातलेले, घरून आणलेले, आणि एक मला दिला. दोघांना एकदम खाता येत नव्हतं, कोपरं अडकत. ते घास घेत तेव्हा मी थांबायचो, मी घेई तेव्हा ते. असं आळीपाळीने आम्ही उंडे संपवले. बारशाची गोष्ट कोणी काढली नाही. काढली असती तरी मी त्या वेळी हसलो असतो.

मग जेवणाच्या ट्रॉल्या आल्या, आणि पुढच्याने पाठ मागे टाकली. माझा ट्रे माझ्या पोटाला लागून कलला आणि आमटी भावजींच्या विजारीवर गेली. कोऱ्या विजारीवर. ती त्यांनी बायसमोर जायचं म्हणून घातली होती. मी घंटा दाबली. हवाई सुंदरी आली ती नेमकी मराठी निघाली, पुण्याकडची. ती नम्रपणे म्हणाली, "सॉरी सर, नवीन मांडणी आहे. सगळ्याच फ्लाइटना सीट वाढवल्यात."

मला मराठी ऐकू आली आणि समोर भरलेल्या रांगा दिसल्या. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझं काय होतं ते आमच्या तालुक्याला ठाऊक आहे. मी उभा राहिलो, म्हणजे जितकं उभं राहता येत होतं तितका, डोकं वरच्या कपाटाला टेकवून.

"मांडणी मला शिकवू नका, बाई," मी सुरू केलं. "मी मांडणी करणारा माणूस आहे. याच विमानातून मी पूर्वी गेलोय. आम्ही काय काजूच्या बिया आहोत, पोत्यात ठासायला? मी विचार करून बी आणि सी मागितल्या होत्या. बी आणि सीच्या मध्ये वाट असते. मला ती वाट हवी होती म्हणून मी मागितली. ती वाट तुम्ही कोणाला विचारून काढलीत?"

मागून तिघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. वेल्डर म्हणाला, "बरोबर बोलले काका." मला फार बरं वाटलं. पुष्कळ वर्षांनी सभा जिंकल्यासारखं वाटलं, आणि त्या आनंदात मी खाली बसलो.

भावजी रुमालाने विजार पुसत होते. त्यांना मराठी कळत नाही, असा आरोप मी एकेकाळी जाहीर सभेत केला होता. त्यांना प्रत्येक शब्द कळला होता.

"म्हणजे वाट जाय आशिल्ली तुका," ते हळू म्हणाले.

मी म्हटलं, "तशें न्हय, भावजी." जिथे तोंड उघडायला हवं तिथे माझी जीभ एकही नसते.

त्यानंतर त्यांनी दोन्ही हात छातीशी आवळून घेतले, खांदे आत ओढले आणि वाटेकडे कलून बसले. ट्रॉली जाता-येता त्यांच्या खांद्याला लागायची. मी म्हणालो, पट्टीवर हात ठेवा. त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही. ती बोटभर पट्टी उतरेपर्यंत रिकामी राहिली. एवढा धिप्पाड माणूस त्या सीटवर मला न शिवता कसा काय बसू शकला, हे मला आजही कळत नाही. एवढा राग एवढ्याशा जागेत मावतो, हे मात्र बघितलं.

इस्पितळात बाय उशीला टेकून बसली होती. आम्हाला एका दारातून एकत्र येताना बघून तिने आधी डोळे पुसले, मग नवऱ्याच्या विजारीवरचा डाग बघितला.

"उलयले मरे तुमी?" तिने विचारलं. बोललात ना?

मी भावजींकडे बघितलं. त्यांनी मनात आणलं असतं तर तिथेच माझी पंगत उठली असती.

"उलयले," ते म्हणाले. "लागीं बसून उलयले. उंडे खाल्ले." यात खोटं काही नव्हतं.

बाहेरच्या व्हरांड्यात मी त्यांच्या मागे गेलो. त्यांनी वळून न बघता सांगितलं, "हें तिच्याखातीर. तुज्याखातीर न्हय."

ऑपरेशन नीट झालं. परतताना भावजी स्वतः काउंटरवर गेले आणि माझ्याजवळची सोडून कुठलीही द्या म्हणाले. विमान भरलेलं, त्यांना शेवटच्या रांगेत शौचकुपाला लागून मिळाली. ती त्यांनी घेतली.

बाय आता डिचोलीत असते. डॉक्टरांनी तिच्या जिवाला घोर नको म्हणून सांगितलंय, आणि आम्ही तो लावत नाही. दर महिन्याला ती मला बोलावते, सोप्यावर आम्हाला समोरासमोर बसवते आणि आमचं बोलणं ऐकत कोकम सोलत बसते. भावजी माझ्याशी बोलतात. आवाजात काही कमी नसतं. ती आत गेली की थांबतात, वाक्य अर्धं असलं तरी. मग आम्ही दोघे अंगणाकडे बघतो.

परवा ते म्हणत होते, "आयकलां, विमानांनी आतां म्हणे..." आणि बाय चहा आणायला उठली. ते तिथेच थांबले. चहाला उशीर झाला, दूध उतू गेलं असावं. मी एकदा खाकरून बघितलं. ती कप घेऊन दारात आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून, हसून, वाक्य पुरं केलं.

"...आनीक एक सीट घालपाचे आसात."