केरबाचा राजीनामा

प्रल्हाद साळवे गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या दिवाळी अंकाची पानं लागत होती. त्यांच्या कथेसाठी दहा पानं मोकळी ठेवली होती. पलीकडून त्यांचा मुलगा बोलत होता आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो, कथा पूर्ण झाली असेल का... याची लाज अजून वाटते.

साळवे अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, राहायला शिवमंदिराच्या बाजूला. सोळा वर्षं, दर दिवाळीला एक, अशा त्यांनी अण्णासाहेब नावाच्या श्रीमंत, रिकामटेकड्या गृहस्थाच्या आणि केरबा या त्यांच्या हुशार नोकराच्या विनोदी कथा लिहिल्या. अण्णासाहेब कुस्त्यांचं उद्घाटन आणि व्यसनमुक्तीची सभा, दोन्हींना एकाच संध्याकाळी अध्यक्ष म्हणून होकार देऊन बसत. केरबा दोन्हीकडच्या मंडळींना परस्परांच्या मंडपात पाठवी आणि साहेब घरी झोपून राहत. अंक हातात आला की वाचक आधी केरबा शोधत.

पाच-सहा कथांनंतर एका वर्षी शेवटच्या पानावर केरबा राजीनामा ठेवून गावी निघाला. मी शेवट बदलायला सांगितला.

"केरबा गेला तर पुढच्या वर्षी छापू काय?"

"अण्णासाहेब स्वतःचे बूट शोधतायत, ते छापा. दहा पानं त्यातच जातील."

पण शेवट त्यांनी बदलून दिला. पुढच्या वर्षी पुन्हा राजीनामा, पुन्हा माझा फोन. तो आमचा दरवर्षीचा रिवाजच झाला. एकदा वैतागून विचारलं, दर वेळी तेच का? ते म्हणाले, "माझे वडील मुंबईत एका शेठच्या बंगल्यावर होते. नागपूरहून दीक्षा घेऊन आले तेव्हा आईला म्हणाले, आता ही नोकरी सोडतो. नाही सोडली. आम्ही पाच भावंडं होतो." मी म्हणालो, "मग त्यावर वेगळं, गंभीर काहीतरी लिहा." या वाक्याची मला चीड येते. साळव्यांचाही राग येतो. एकदा तरी नाही म्हणायचं होतं.

संपादक म्हणून यंदाची दिवाळी माझी शेवटची. पावसाळ्याआधी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, "या वेळी केरबाला जाऊ द्या. मी हात लावणार नाही."

"नक्की ना? नाहीतर परत फोन कराल."

"फोन आला नाही तर ह्यांनाच करमायचं नाही," वहिनी आतून म्हणाल्या.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी वहिनींनी कथा दिली. पूर्ण होती. मी आधी शेवटचं पान काढलं. केरबाची ट्रंक दाराशी आहे, राजीनामा साहेबांच्या हातात. साहेब खुशीने होकार देतात आणि सहज विचारतात, "जाऊन करणार काय रे?" सोळा वर्षांत पहिल्यांदाच केरबाला उत्तर सुचत नाही. तो ट्रंक परत आत नेतो.

"असं का केलं त्यांनी?" मी वहिनींना विचारलं.

"मीपण विचारलं. म्हणाले, राहायची सवय लावली त्याला, आता माझं तरी कुठे ऐकतो?"

केरबाला दाराबाहेर काढायला चार ओळी पुरल्या असत्या. मी पेन उघडलं. मग बंद केलं. शेवट बदलण्यासाठी आजवर ज्यांना फोन करत होतो, ते आता नव्हते. कथा आहे तशी छापायला दिली आहे.